पोंक्षेबाईंची नवी लोकर

नव्या लोकरीची मिजास करणारी माणसं मला लहानपणापासून आवडत नाहीत. लोकर कसली नवी? मेंढीने अंगावर घालून झालेली ती. तिचं वापरून झालं की आपण घेतो आणि वर तोरा मिरवतो. परवा हे मी माझ्या नातसुनेला ऐकवलं. तिच्या गळ्यात एक मफलर होता. तो म्हणे जुने स्वेटर उसवून काढलेल्या लोकरीचा आहे, त्याने पृथ्वीचं भलं होतं, म्हणून तो महाग. तशी चिठ्ठीच लावलेली होती त्याला. मी म्हटलं, बाई गं, पृथ्वीचं एवढं भलं तर आम्ही दूधविनायकाच्या गल्लीत रोज दुपारी जेवणं आटोपली की करत होतो, आणि लोक नाकं मुरडत होते. मफलर हातात घेऊन पाहिला तर वीणही धड नाही, टाके कुठे सैल कुठे आवळलेले. पण चिठ्ठी मात्र सुबक होती. असो. त्या मफलरावरूनच पोंक्षेबाई आठवल्या, नाहीतर त्यांची आठवण मुद्दाम काढावी अशी काही ती बाई नव्हती.

आमचं घर काशीत, दूधविनायकाला, गल्लीच्या पोटात. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाठशाळेत मुलांना वेद शिकवायचे. घरी आई, माझी थोरली बहीण सुमनताई आणि मी. मला चिमी म्हणायचे. गल्ली इतकी अरुंद की समोरच्यांनी मिरचीची फोडणी दिली की ठसका आम्हाला लागायचा. थंडीत सूर्य खाली उतरतच नसे. वरच्या वर, गच्च्यांवरून निघून जायचा, श्रीमंत नातेवाईक गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबवून न भेटताच जावेत तसा. म्हणून दुपारी आम्ही सगळ्या गच्चीवर. तिथून पंचगंगा घाटाच्या बाजूचं धुकं दिसायचं, खालून मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, हाका यायच्या, पाठशाळेतल्या मुलांचं घोकणं यायचं. मधूनच मशिदीची बांग, मग लगेच कुठल्यातरी देवळातली घंटा. आणि या सगळ्यात आमचा स्वतःचा एक आवाज, उसवणाऱ्या लोकरीचा. हाताने विणलेला स्वेटर गळ्याकडून उसवायला घेतला की एकदा टोक सापडल्यावर तो असा भराभर चर्रचर्र करत मोकळा होत जातो, की ऐकणाऱ्यालाही हलकं वाटतं. मी पुढ्यात पाय पसरून बसायची, आई ती लोकर माझ्या दोन गुडघ्यांभोवती गुंडाळत जायची आणि मला हलायची बंदी. नाकावर माशी बसली तरी फुंकरीने उडवायची.

जुने स्वेटर यायचे रमदेईकडून. पुण्यामुंबईकडे जिला बोहारीण म्हणतात तीच ही, डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीला कपड्यांचं गाठोडं. 'पुरान कपड़ा दा, बरतन ला' अशी तिची हाक गल्लीच्या वळणावरूनच ऐकू यायची. इतरांच्या घरी ती कपडे घेऊन भांडी द्यायची. आमच्याकडे उलटा व्यवहार. तिचं गाठोडं बाजारात जायच्या आधी आईसमोर सुटायचं, आई त्यातले लोकरीचे कपडे काढून घ्यायची आणि बदल्यात तिच्या नातवंडांच्या टोप्या, मोजे विणून द्यायची. आई काशीतच वाढलेली, त्यामुळे सुयांना आम्ही सलायाच म्हणायचो, आणि रमदेईशी आई तिच्याच बोलीत बोलायची. रमदेई एकेक स्वेटर झटकून पुढे टाकायची. "ई देखा बहूजी, बिलायती माल हौ." आई तो हातात घेऊन सरळ आतून उलटा करायची. वरून कितीही झकपक असू दे, आई बघायची फक्त शिवण. यंत्रावर कापड विणून मग कात्रीने कापलेला स्वेटर असला तर उसवून हातात बोटबोटभर तुकडेच येतात. आई असला स्वेटर दोन बोटांनी धरून परत गाठोड्यावर टाकायची. "वरून साहेब, आत चिंध्या." हे तिचं वाक्य पुढे मी पुष्कळ माणसांना लावून पाहिलं. बहुतेकांना बसलं.

अण्णांना ही उतरन घरात येणं मुळीच पसंत नव्हतं. कोणाच्या अंगावरचं, कोणत्या जातीचं, कोण जाणे. एकदा जेवताना त्यांनी विषय काढला. आई भात वाढत होती. म्हणाली, "अहो, पूजेला बसताना धाबळी नेसता, ती कधी धुतलेली आठवते?" अण्णा म्हणाले, लोकरीला विटाळ नसतो, ती वाऱ्यानेही शुद्ध होते, असं शास्त्रच आहे. "मग हीही लोकरच की," आई म्हणाली, "आणि मी तर हिला रिठ्याच्या पाण्यात धुते." अण्णांनी पुढे कितीतरी दिवस पोथ्या चाळल्या. उसवलेल्या लोकरीबद्दल त्यांत काही निघालं नाही, कारण पोथ्या लिहिणाऱ्यांनी आयुष्यात कधी स्वेटर उसवला नव्हता. शेवटी त्यांनी फर्मान काढलं की निदान गंगाजल शिंपडावं. आईने शिंपडलं. कुरकुरणाऱ्या पुरुषाच्या समाधानासाठी चार थेंब पाणी म्हणजे काही फार नाही, असं ती म्हणायची.

त्या हिवाळ्यात एक शेवाळी स्वेटर आला. पंचगंगेच्या खालच्या पायऱ्यांवर पाण्याकाठी जसा रंग असतो, अगदी तो, आणि त्या हिरव्यात विटकरी रंगाचा एक बारीक धागा पिळून घातलेला. वीण इतकी सुरेख की आईने उसवायच्या आधी ती उन्हात धरून नुसती बघितली. पण उसवायला घेतला आणि थोड्या थोड्या वेळाने हात अडायला लागला. गाठ. पुन्हा गाठ. आणि प्रत्येक गाठीची टोकं मागच्या बाजूने टाक्यांत अशी काही मुरवलेली, की बाहेरून शोधूनही सापडू नयेत. आईने हात थांबवला, धागा उजेडात धरला. त्याला स्वेटरच्या विणीचे होते तसेच दुसरेही, जुने बाक होते. "चिमे, ही लोकर आधीही एकदा उसवलेली आहे," ती म्हणाली. "जुनी, विरलेली. पुरेना म्हणून हा विटकरी धागा जोडीला पिळलाय. आणि गाठी बघ कशा झाकल्यात. कोण असेल बिचारी? फार लाजरी असली पाहिजे." त्या न पाहिलेल्या बाईबद्दल आई असं मायेने बोलली, की जशी काही मैत्रीणच. रिठ्याने धुऊन, लडीला खाली पाण्याचा लोटा टांगून तिने ते सगळे बाक सरळ केले आणि त्याचा ताईला स्वेटर विणायला घेतला. खालची पट्टी ताईने स्वतः विणली.

ताईला स्वेटर का, तर तिला दाखवायचं ठरत होतं. आता पोंक्षेबाईंकडे यावंच लागणार. पोंक्षे हे रेल्वेतले अधिकारी, पुण्याकडून बदलून आलेले, सरकारी बंगल्यात राहायचे. अशी मंडळी काशीत आली की आम्हा पिढ्यान् पिढ्या इथे राहणाऱ्या मराठी घरांना 'घाटावरची माणसं' म्हणायची, आणि आमच्या मराठीत हिंदी शब्द निघाला की एकमेकांकडे बघून हसायची. पोंक्षेबाई त्यात अग्रणी. गणेशोत्सवात त्या पुढच्या रांगेत बसायच्या आणि आरतीच्या वेळी टाळ्यासुद्धा अशा वाजवायच्या, की देवावर उपकार. हळदीकुंकवाला कोणाकडे गेल्या की पडद्याचं कापड बोटांनी चाचपून बघायच्या. पुण्यात त्यांच्याकडे सगळंच वेगळं होतं. पुण्याचं दूध दाट, पुण्याची हवा कोरडी, पुण्याच्या मोलकरणीसुद्धा म्हणे शुद्ध बोलायच्या. मग इथे राहिलाच कशाला, असं मी एकदा विचारणार होते, पण आईने डोळे वटारले. तर त्यांचा मुलगा मधुकर. उत्सवात ताईने गाणं म्हटलं ते ऐकून त्याने घरी सांगितलं की करेन तर हीच. माणूस साधा होता, बोलायला जरा अडखळायचा, आईच्या शेजारी बसला की अर्धा दिसायचा. ताई काही बोलली नाही. पण मधुकरचं नाव निघालं की तिच्या सलाईवरून टाका सुटायचा, आणि आई काही न विचारता तो उचलून द्यायची. तेवढ्यावरून मला कळायचं ते कळलं होतं. पोंक्षेबाईंना अर्थातच हे स्थळ नको होतं. मुलाला सरळ नाही म्हणता येईना, म्हणून बघायला येऊन काहीतरी खोट काढायची, एवढ्याच तयारीने त्या आल्या.

माघातली सकाळ. आईने चूडा-मटर केला होता. थंडीत काशीतल्या घरी पाहुण्याला दुसरं काय देणार? ताजे कोवळे मटार तुपात परतून, त्यात धुतलेला चूडा, आलं, मिरपूड, वरून लिंबू. गल्लीभर वास. पोंक्षेबाई टेकल्या त्या पाटावर रुमाल पसरून, साडी मळू नये म्हणून. बशी हातात घेऊन म्हणाल्या, "हे काय, पोहे का?"

"चूडा-मटर," आई म्हणाली.

"अस्सं. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं लागतं. त्याशिवाय ह्यांच्या घशाखाली उतरत नाही."

'हे', म्हणजे पोंक्षेसाहेब, तोवर बशी संपवून दुसरीची वाट बघत होते. मधुकरचंही तेच. घरातल्या दोन्ही पुरुषांना ही बाई काय खायला घालत होती देव जाणे.

ताई आली, नमस्कार करून बसली. निळी साडी आणि वर तो शेवाळी स्वेटर. तिच्या गव्हाळ रंगावर तो असा उठून दिसत होता, की मधुकर बशीत बघायचं विसरला. पोंक्षेबाईंनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि मग त्यांची नजर बाहीवर अडकली. तिथेच थांबली. त्या पुढे वाकल्या, बाही चिमटीत धरली आणि हसल्या. ते हसणं मला अजून आठवतं. शोधत होती ती वस्तू पहिल्याच फडताळात सापडावी, तसं.

"अगं बाई. हा तर माझा स्वेटर."

ताईने बाहीकडे पाहिलं.

"हा विटकरी धागा मी स्वतः पिळून घातला होता. ह्यांच्या स्वेटरला. जुना झाला म्हणून बोहारणीला दिला मी, डब्यावर." मग नवऱ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "म्हणजे आपली उतरन इथवर आली म्हणायची. बाकी वहिनी, मला नाही हो चालत असलं. आमच्याकडे लोकर नवी कोरी लागते, दुकानातून बांधून आणलेली. दुसऱ्याचं अंगाला लागलं की मला खाजच सुटते. सवयी असतात एकेकाच्या."

ताईची मान खाली गेली ती वर येईना. स्वेटरच्या बाहीतले हात तिने आत ओढून घेतले, जसे काही ते हातच चोरीचे. मधुकरने 'आई' एवढंच म्हटलं. अण्णा पंच्याचं टोक चाळवत होते. सगळं तिथेच मोडलं असतं. खोट सापडली होती, बाईंना आता फक्त उठायचं होतं. आणि माझ्या तर जिभेवर आलं होतं. नवी कोरी? ज्या लोकरीच्या गाठी माझ्या गुडघ्यांवर मोजल्या गेल्या, ती नवी कोरी? मी तोंड उघडलं सुद्धा. आईने माझ्याकडे न बघता सांगितलं, "चिमे, पाणी आण." मी हलले नाही. तेव्हा मात्र तिने बघितलं, आणि मी उठून दाराशी गेले, पण पाण्याला नाही, चौकटीला टेकून उभी राहिले.

आई पोंक्षेबाईंच्या बशीत चूडा वाढत होती. अगदी गोड आवाजात म्हणाली, "तरीच म्हटलं, एवढा सुंदर हात कोणाचा. काय वीण होती बाई तुमची. आणि गाठी तर इतक्या सफाईने झाकल्या होत्या, उसवेपर्यंत मला कळल्याच नाहीत."

पोंक्षेबाईंचा घास तोंडाशी थांबला. त्या आईकडे बघत राहिल्या. माझ्या आईचा चेहरा म्हणजे नुकतं सारवलेलं अंगण, त्यावर काही उमटलेलं नाही. पण विणणाऱ्या बाईला गाठ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नव्या गुंड्याची लोकर सलग असते. पावलोपावली गाठी पडतात त्या उसवलेल्या, विरून तुटलेल्या लोकरीला. पोंक्षेबाईंच्या गालांवरचा रंग आधी गेला आणि मग दुप्पट होऊन आला.

आणि नेमके तेव्हा आमचे अण्णा बोलले. चार वेदांचे अर्थ जाणणाऱ्या माणसाला कधी गप्प बसावं एवढं मात्र कोणी शिकवलेलं नव्हतं. "गाठी?" ते कुतूहलाने म्हणाले. "नव्या कोऱ्या लोकरीला गाठी कशा?"

खाली गल्लीत कोणीतरी सांडाला हाकलत होतं. पोंक्षेसाहेब बायकोकडे बघायला लागले. मधुकरही. मला वाटलं, आता. आता आई बोलणार आणि या बाईचं पुणं गंगेत बुडणार.

"असते हो एखाद्या गुंड्यात," आई म्हणाली. "गिरणीतूनच तशी येते. घ्या, तुम्ही चहा घ्या."

बस, एवढंच. अण्णांनी चहा घेतला. पोंक्षेबाईंनीही घेतला, खाली मान घालून, आणि त्या चहाला पुण्याची सर नाही असं काही म्हणाल्या नाहीत. निघायच्या वेळी त्या ताईजवळ थांबल्या, तिच्या स्वेटरचा काठ उचलून आतून उलटा केला, आईने रमदेईच्या मालाचा करावा तसा. बोटाने चाचपत राहिल्या. त्यांना एकही गाठ सापडली नाही.

"ही पट्टी कोणी विणली?"

"मीच," ताई म्हणाली.

"हात चांगला आहे," पोंक्षेबाई म्हणाल्या, मग नवऱ्याला म्हणाल्या, "मला पसंत आहे," आणि जिना उतरून गेल्या. मधुकरचा शेवटच्या पायरीवर पाय चुकला आणि तो भिंतीला धरून सावरला. ताई हसली ती तेव्हा.

मी मात्र आईवर दिवसभर चिडले होते. संध्याकाळी ती तांदूळ निवडत होती, तेव्हा म्हटलं, तू बोलली का नाहीस? ती खोटारडी आहे. तिने आपल्या ताईला सगळ्यांसमोर उतरन घातलेली म्हटलं आणि तू तिला वर चहा पाजलास.

"बोलले असते तर तिचं नाक कापलं असतं," आई म्हणाली, "आणि नाक कापलेल्या बाईच्या घरात तुझी ताई गेली नसती. गेली असती तर जन्मभर भोगलं असतं."

"आणि आता?"

"आता ती सुमनला कधी उतरन म्हणायची नाही. तेवढं मला पुरे." मग एक खडा काढून बाजूला टाकत म्हणाली, "आणि तुला काय ठाऊक, बंगल्यात राहणाऱ्या बाईला जुनी लोकर उसवून नवऱ्याचा स्वेटर का विणावा लागला असेल ते. आज चांगले दिवस दिसतात ते सगळ्यांचेच काही पहिल्यापासूनचे नसतात."

मला हे तेव्हा पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. गरिबी कोणालाही येते, त्यात लाज कसली? पण स्वतः जुनं वापरायचं आणि दुसऱ्याने वापरलं की नाक धरायचं, याला माझ्याकडे क्षमा नाही. एक मात्र झालं. पोंक्षेबाईंनी ताईला पुढे चूडा-मटरावरून बोल लावले, तिच्या हिंदीमिश्रित मराठीवरून लावले, पातळ वरणावरून लावले, पण लोकरीचं नाव काढलं नाही. उलट माहेराहून जुन्या लोकरीच्या लड्या गेल्या की त्या निमूट फडताळात लावून ठेवायच्या. बाहेरच्यांना मात्र नवी लोकर म्हणूनच सांगायच्या. सवयी असतात एकेकाच्या.

आई गेल्यावर काही वर्षांनी मी ताईकडे, काशीतच सिगऱ्याला, गेले होते. पोंक्षेसाहेब तोवर नव्हते. मधुकरराव टक्कल पडूनही तसेच अडखळत बोलायचे आणि ताईच्या हातचा चूडा तसाच दोनदा मागून खायचे. ताई आत काहीतरी तळत होती. पोंक्षेबाई ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. डोळे जवळजवळ गेले होते, पण मांडीवर एक जुना स्वेटर, आणि बोटांनी चाचपत चाचपत उसवणं चाललेलं. बाजूला गुंडा वाढत होता. माझी पावलं ऐकून हात थांबले.

"कोण?"

"मी चिमी. दूधविनायकाची."

त्यांनी चटकन धाग्यावर अंगठा ठेवला. मी जवळ बसले. "ये," म्हणाल्या, "ही लोकर बघ. नवीच आहे हो. गुंडा जरा विस्कटला म्हणून नीट करतेय."

मांडीवर अर्धी बाही उसवलेली, आणि ही बाई मला सांगतेय नवी. मी काही माझ्या आईसारखी नाही. म्हटलं, "नवी? अंगठ्याखाली गाठ आहे की."

मला वाटलं चिडतील, निदान मान तरी फिरवतील. पोंक्षेबाईंनी उन्हाकडे तोंड केलं.

"तुझ्या आईला दिसली असती," त्या म्हणाल्या, "तरी ती बोलली नसती."

आणि अंगठा उचलून त्या गाठ सोडवायला लागल्या.